पहिल्या तासाचा वैद्य

(दिघाशी, ता. भिवंडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



भिवंडी तालुका म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग उभे राहतात आणि अलीकडच्या वर्षांत त्यांच्या जोडीला गोदामे. आज मुंबईतल्या गृहिणीने दूरध्वनीवरून मागविलेली वस्तू भिवंडीच्या गोदामातून निघते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात पोहोचते. मालासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था खरोखर थक्क करणारी आहे. परंतु याच तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत आणि पाड्यांवर रात्री दोन वाजता, कुडाच्या घरात जमिनीवर झोपलेल्या एखाद्या मुलाला मण्यार चावली, तर त्याला औषधापर्यंत नेणारी व्यवस्था तितकी तत्पर आहे काय? आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईच्या पायाला बांधावरचे फुरसे डसले, तर तिच्या घरच्यांनी पहिल्या तासात नेमके काय करायचे? आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे. तो मांडताना आधार घ्यायचा आहे तो एका डॉक्टरच्या आयुष्याचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा.

महाड आपल्यापासून दूर असले तरी परके नाही. तोच सह्याद्रीचा पायथा, तोच धो धो पाऊस, तीच भातखाचरे, तेच पेंढ्याचे आणि गोवऱ्यांचे ढीग. आणि त्या ढिगांखाली राहणारे तेच सोबती. त्यामुळे महाडच्या एका दवाखान्यात जे उमगले, ते दिघाशीतही जसेच्या तसे लागू पडते.

वैद्यकशास्त्रात ‘आपत्कालीन वैद्यक’ नावाची एक स्वतंत्र शाखा आहे. अपघात, विषबाधा, हृदयविकाराचा झटका, दंश अशा प्रसंगी पहिल्या तासाभरात काय करायचे, याचा अभ्यास करणारी ही शाखा. आपल्या देशात भारतीय वैद्यक परिषदेने या विषयातील एम.डी. पदवीला मान्यता दिली ती २००९ साली. तोवर मोठ्या रुग्णालयांतसुद्धा ‘अपघात विभाग’ हा बहुधा सर्वांत कनिष्ठ डॉक्टरच्या खांद्यावर टाकलेला असे. अंगात कौशल्य कमी आणि समोर प्रसंग सर्वांत बिकट, अशी ती उलटी रचना होती. ज्या काळात या शास्त्राला आपल्याकडे धड नावही नव्हते, त्या काळात, म्हणजे १९७६ मध्ये, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पंचविशीतला तरुण डॉक्टर रुजू झाला.

हिंमतरावांचा जन्म १९५१ सालचा, भोकरदन तालुक्यातील देहेड या गावचा. आज ते गाव जालना जिल्ह्यात येते. घरची कोरडवाहू शेती आणि अठराविश्वे दारिद्र्य. मिळेल ते काम करीत, पडेल ते कष्ट उपसत त्यांनी शिक्षण घेतले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. पदवी मिळविली आणि शासकीय सेवेत कोकण गाठले. मराठवाड्याच्या माणसाला कोकण म्हणजे दुसरा मुलूखच. भाषा निराळी, पाऊस निराळा आणि आजारही निराळे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडीत, पुस्तकात ज्याला जेमतेम चार ओळी दिलेल्या होत्या, असा एक आजार रोज त्यांच्या दारात येऊ लागला. तो म्हणजे लाल विंचवाचा दंश.

‘विंचू चावला’ हा शब्दप्रयोग आपण किती सहजपणे करतो! भारुडातल्या विंचवाला आपण हसतो. परंतु कोकणातील लाल विंचू हा हसण्याचा विषय नव्हता. तरणाताठा माणूस, खेळते मूल, संध्याकाळी दंश होई आणि पहाटेपर्यंत खेळ आटोपे. आधी घाम फुटे, इतका की अंगावरचे कपडे भिजून चिंब होत. मग ओकाऱ्या. मग हातपाय बर्फासारखे गार. आणि शेवटी छाती भरून येऊन तोंडावाटे तांबूस फेस. फुप्फुसात पाणी भरून तो रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडून मरत असे. दंशाचे असे गंभीर रुग्ण आले तर त्यांतले शेकडा तीस-चाळीस हाती लागत नसत.

त्या वेळी यावर उपाय काय होते? वेदनाशामक सुया, अ‍ॅलर्जीवरची औषधे, स्टिरॉइड, अ‍ॅट्रोपिन. त्यांचा उपयोग होत नव्हता, काहींनी तर अपायच होत होता. दुसरा एखादा डॉक्टर असता तर ‘वरच्या रुग्णालयात न्या’ अशी चिठ्ठी लिहून मोकळा झाला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. बावस्करांनी वेगळा मार्ग धरला. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहू लागले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास पाहावा आणि वहीत लिहून ठेवावे. कोणत्या रुग्णाला घाम आला, किती वाजता आला, ओकारी त्याच्या आधी की नंतर, हात गार पडले तेव्हा रक्तदाब किती होता. प्रयोगशाळा नाही, सल्ला द्यायला वरिष्ठ नाही. जवळ होती ती वही आणि हातातले घड्याळ.

या वहीतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. विंचू चावल्यावर जो रुग्ण वेदनेने नुसता तळमळतो, आरडाओरडा करतो, परंतु ज्याला घाम नाही, ओकारी नाही आणि ज्याचे हातपाय उबदार आहेत, त्याच्या जिवाला बहुधा धोका नसतो. खरा धोका असतो तो वेदनेची फारशी तक्रार न करणाऱ्या, पण घामाने थबथबलेल्या आणि गार पडत चाललेल्या रुग्णाला. घरची मंडळी नेमकी उलटी फसतात. ओरडणाऱ्याला घेऊन धावतात आणि शांत पडलेल्याला ‘उतरले वाटते’ म्हणून झोपू देतात. हृदयावर आघात होण्यापूर्वीची ही पूर्वसूचक लक्षणे बावस्करांनी लिहून काढली आणि १९८२ मध्ये ती लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८२३ पासून निघणारे आणि जगभरच्या वैद्यकविश्वात आदराने वाचले जाणारे हे नियतकालिक. त्याच्या पानांवर एका खेडेगावच्या सरकारी दवाखान्यातील निरीक्षणे उमटली, ही तेव्हाच्या मानाने साधी घटना नव्हती.

पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले. एम.डी. झालेला डॉक्टर शहरात पाटी लावतो, ही रीतच. बावस्कर मात्र पुन्हा महाडच्या परिसरातच परतले, आणि या वेळी त्यांच्या सोबत पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही होत्या. त्यांच्या पुढील अनेक शोधनिबंधांवर दोघांची नावे जोडीने येतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्याकडे अशा वेळी पत्नीचे नाव कौतुकाच्या भाषणात येते आणि कागदावरून मात्र गळते.

आता त्यांच्या कार्यातला सर्वांत मोलाचा टप्पा. तो थोडा तपशिलाने समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांना असे काही छेडते की शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढाच रक्तात सुटतो. या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि अखेर फुप्फुसात पाणी साठते. म्हणजे या आवळलेल्या वाहिन्या सैल करता आल्या तर रुग्ण वाचू शकतो. वाहिन्या सैल करणारे एक प्रभावी औषध होते, सोडियम नायट्रोप्रुसाइड. बावस्करांनी ते वापरले आणि मृत्यूच्या दारातले रुग्ण परत येऊ लागले. येथे एखादा विद्वान थांबला असता. उपाय सापडला होता.

पण हे औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते. प्रकाशाने ते बिघडते, म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळावी लागते. एखादा थेंब जास्त गेला तर रक्तदाब एकदम कोसळतो, म्हणून मिनिटामिनिटाला तो मोजणारा जाणकार माणूस शेजारी लागतो. ज्या आरोग्य केंद्रात रात्री एक परिचारिका आणि एक शिपाई, तेथे हे कसे व्हायचे? बावस्करांना जो रुग्ण वाचवायचा होता तो आपल्या समोरचा एकटा नव्हता. कोकणातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर पडलेला रुग्ण त्यांना दिसत होता. म्हणून त्यांनी हेच काम करणाऱ्या, पण कोणालाही देता येईल अशा औषधाचा शोध घेतला. ते सापडले प्राझोसिन या गोळीत. उच्च रक्तदाबासाठी तेव्हा प्रचलित असलेली ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ मध्ये बावस्कर पती-पत्नींचा यावरील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्या आसपास उतरले. ती गोळी आज आपल्याकडे विंचूदंशाच्या उपचारात रूढ झालेली आहे आणि लाल विंचवासारखे विषारी विंचू असलेल्या इतर देशांतील डॉक्टरांनीही तिची दखल घेतली.

अतिदक्षता कक्षात होणारा उपचार त्यांनी सरकारी दवाखान्याच्या लाकडी कपाटात आणून ठेवला, असे याचे वर्णन करता येईल. दूरच्या गावाला उपचार मिळवून देण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे गावातल्या रुग्णाला शहराकडे पळवायचे. दुसरा म्हणजे उपचारच इतका सोपा करायचा की तो गावात मावेल. पहिल्या मार्गाला रस्ते लागतात, वाहने लागतात, पैसा लागतो, आणि भिवंडी-वाडा रस्त्याच्या पावसाळ्यातील खड्ड्यांचा अनुभव असलेल्यांना त्या मार्गाचे वेगळे वर्णन ऐकवायला नको. दुसऱ्या मार्गाला बुद्धी आणि चिकाटी लागते. तो मार्ग शोधणारे कमी असतात.

संशोधकाची खरी परीक्षा पुढेच असते. आपण शोधलेल्या उपायावर माणसाचा जीव जडतो. बावस्करांनी मात्र स्वतःच्याच गोळीला कसोटीवर लावले. विंचवाच्या विषावरील लस, म्हणजे प्रतिविष, मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झाली होती. केवळ प्राझोसिन देणे चांगले की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष देणे चांगले, हे पाहण्यासाठी त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांचे दोन सारखे गट करून रीतसर चाचणी घेतली. दहा तासांच्या आत पूर्ण बरे होणाऱ्यांची संख्या जोडीने औषध दिलेल्या गटात ३५ पैकी ३२ होती. केवळ गोळी दिलेल्या गटात ती ३५ पैकी ८ होती. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या गोळीने त्यांना कीर्ती मिळवून दिली, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे जगाला त्यांनी स्वतःच सांगितले. अर्थात जेथे प्रतिविष पोहोचलेले नाही, तेथे गोळीचे मोल तसूभरही कमी होत नाही.

विंचवाच्या पाठोपाठ साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. या चारांवर चालणारे एकच प्रतिविष मिळते. त्यातही मण्यार सर्वांत कावेबाज म्हणायची. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचे दुखत नाही आणि दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे माणूस पोटदुखीची तक्रार करीत उठतो, पापण्या जड होतात, डोळे मिटतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. बावस्करांनी या लक्षणांवर पुन्हा पुन्हा लिहिले, ते डॉक्टरांना निदान करता यावे म्हणून. निदान झाले तर प्रतिविष देता येते, आणि श्वास थांबू लागलाच तर हाताने दाबायच्या रबरी पिशवीने तो पुढे चालू ठेवता येतो. पिशवी दाबायला पदवी लागत नाही. शिकविले तर नातेवाईकही ती दाबू शकतात.

तशीच एक साधी तपासणी घोणस आणि फुरशासाठी आहे. या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलविता ठेवायचे. नळी तिरकी केल्यावर रक्त ओघळले तर विष भिनले आहे. यंत्र नको, वीज नको. काचेची नळी आणि घड्याळ एवढे असले की हे कोणत्याही आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजताही करता येते.

सर्पदंशाच्या प्रश्नाची व्याप्ती किती, याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना नसेल. मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुसंख्य खेड्यांतले. रुग्णालयांच्या दप्तरी यातले फार थोडे लागले होते, कारण मुळात ही माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळविले.

मग माणसे पोहोचत का नाहीत? येथे भगताचा विषय निघतो. भगताचा उपहास करणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. भगत पाड्यावरच राहतो, मध्यरात्री हाक मारली तरी उठतो, घरातल्या प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि कागदपत्रे मागत नाही. शिवाय चावणाऱ्या सापांपैकी पुष्कळ बिनविषारी असतात, विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही, त्यामुळे भगताने ‘उतरविलेल्या’ रुग्णांची यादी मोठी होते. लोकांचा विश्वास काही हवेतून आलेला नाही. जे चार रुग्ण जातात, ते मात्र त्या वाट पाहण्यातच जातात. म्हणून भगताशी भांडण्यापेक्षा त्याच्याशी बोलावे. ‘तुझा मंत्र म्हण, पण गाडीत बसून म्हण,’ असे त्याला पटविता आले तर निम्मे काम झाले.

पैसा हा दुसरा अडसर. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून बावस्करांच्या नावे १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी पाठविलेल्या रुग्णाबद्दलची ती ‘व्यावसायिक फी’ होती. अशी पाकिटे घेणे व्यवसायात इतके अंगवळणी पडले आहे की बहुतेक जण त्याकडे पाहतही नाहीत. बावस्करांनी धनादेश परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार नोंदविली. डॉक्टरला मिळणारे बाराशे रुपये रुग्णाच्याच खिशातून जातात, आणि आडबाजूच्या गावातला माणूस दवाखान्याची पायरी चढायला कचरतो तो याच भीतीने, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदा तयार करविला, त्यामागच्या चर्चेला चालना देणाऱ्यांत बावस्करांचे नाव घ्यावे लागते. व्यवसायबंधूंना दुखवून असे पाऊल उचलणे सोपे नसते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती विंचवाच्या संशोधनासाठी, हे खरे. पण विंचवापेक्षा ही दुसरी झुंज कमी विखारी होती असे म्हणवत नाही.

आता दिघाशीकडे वळू. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. तिच्यात डॉक्टर असतो. हा क्रमांक घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ हवा. दंशाच्या जागी घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. ज्या हाताला किंवा पायाला दंश झाला तो मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. रुग्णाला चालवू नये, उचलून न्यावे. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. सापाच्या मागे धावून त्याला मारण्यात वेळ घालवू नये. डॉक्टरला उपचारासाठी मेलेला साप लागत नाही. पावसाळ्यात शक्य तर खाटेवर आणि मच्छरदाणी खोचून झोपावे. मण्यारीपासून बचाव करणारा याहून स्वस्त उपाय नाही. रात्री बाहेर जाताना विजेरी घ्यावी, सकाळी पादत्राणे झटकावीत, गोवऱ्या आणि पेंढा काढताना हात आत घालण्यापूर्वी काठी घालावी.

आणि ग्रामसभेत काही प्रश्न नीट, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावेत. आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविषाच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत? त्यांची मुदत कधी संपते? प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का? श्वास देणारी रबरी पिशवी आहे का, असल्यास ती फाटलेली तर नाही ना? रुग्णाला भिवंडीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ठाण्याला पाठवायचे ठरले तर पाठविण्यापूर्वी पहिला डोस येथेच दिला जातो का? आवणीच्या चार महिन्यांत गावातली कोणती चार वाहने रात्री मागता येतील, त्यांच्या मालकांचे दूरध्वनी क्रमांक देवळाच्या भिंतीवर लिहिता येतील का? आणि शेवटचा, सर्वांत साधा प्रश्न. रात्री औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस कोठे झोपतो?